टिकल्यांचं पिस्तूल

टिकल्यांचं पिस्तूल म्हणालात ना? म्हणा की, मोकळेपणी म्हणा, मला काही राग येत नाही, ज्योतीरामभाऊ — हे मी इतक्यांदा ऐकलंय ना, की तुम्ही गेटातून आत येतानाच मी ओळखलं, हे आता टिकल्या काढणार. महाळुंग्यातला म्हणू नका, निघोज्यातला म्हणू नका, कमरेला परवान्याचं पिस्तूल लावलेला कुठलाही माणूस आला, आमचं टू-टू, हे बावीसचं पिस्तूल, हातात घेतलं, की आधी हसतो. मग तळहातावर तोलून बघतो, वांगी घेताना बघतात तसं. आणि मग म्हणतो, सुमनताई, याने चिमणी तरी मरेल का? मी म्हणते, चिमणीने तुमचं काय घोडं मारलंय? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतोय, आमचे हे महिनाभर 'उद्या करतो' म्हणतायत — या स्टुलावर बसा. आणि ते कमरेचं आधी त्या लॉकरमध्ये. हो हो, तुम्ही असलात तरी. क्लबचा नियम आहे, आमदार आले तरी तोच. किल्ली ठेवा तुमच्याच खिशात, मला नको. हां. आता कसे मोकळे दिसताय बघा! चहा येतोच आहे, यांना मी आधीच खूण केलीय. हाक मारून उपयोग नाही, सगळी नोकरी पत्रा ठोकायच्या प्रेसशॉपमध्ये काढलीय त्यांनी, कान तिथेच ठेवून आलेत.

तर तुमच्या लेकीचं, दिव्याचं, नाव क्लबातून काढायचं. ऐकलं मी, फोनवरही ऐकलं होतं, आता परत ऐकलं. तुमचं म्हणणं काय — एअर पिस्तूल होतं तोवर बरं मारत होती, कप बीप आणले, पेपरात फोटो आला, तुम्ही पेढे वाटले. मग बाईंनी, म्हणजे मी, तिला ही बावीसची दिली आणि पोरगी बिघडली. दसऱ्यापासून नेम कुठल्या कुठे जातोय. म्हणजे दोष कुणाचा? बंदुकीचा. खेळण्यातल्या बंदुकीत कुणाचं मन लागणार! त्यापेक्षा घरी बसू दे, कॉलेज करू दे, खोल्यांच्या भाडेकरूंचं बघू दे. असंच ना? आणि पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड आहे, ते? ते गेलं तर गेलं. वा! बाहेर गाडीत बसवून आलात तिला, मी बघितलं. काच वर करून बसलीय. आत यायचीसुद्धा परवानगी नाही का? नाही म्हणजे, बाप आहात तुम्ही, मी कोण बोलणारी. पण मी बोलणारच, कारण मला बोलल्याशिवाय राहवत नाही, शाळेत पीटी शिकवलीय मी रहाटणीत, शिटी गळ्यातून उतरली तरी तोंड चालूच आहे.

आधी बंदुकीचं घेऊ. ही काही राखणीची वस्तू नाही, हे मी पहिल्यांदा कबूल करते. रात्री शेडवर चोर आला तर हिचा काय उपयोग? काही नाही. दम द्यायला? कुणी घाबरणार नाही. लग्नात कमरेला लावून फोटो काढायला? छे, दिसतच नाही ती शालीखाली. गोळीला मेण असतं, नळी घाण होते, साफ केली नाही की अडकते, कटकट करते, म्हाताऱ्या माणसासारखे लाड करावे लागतात. सगळं मान्य. मग हिच्यात आहे काय? तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. तुमची ती कमरेची बत्तीसची — राग मानू नका — वर्षातून कितीदा वाजवता? मला खरं सांगा. खंडेनवमीला एकदा, कुणाची तरी वरात असली की एकदा — ते मी ऐकलं नाही असं समजा, तो गुन्हा आहे — आणि संपलं. का? तर काडतूस महाग, परवान्यावर मोजून मिळतं, हात झिणझिणतो, कान बसतात. म्हणजे तुम्ही ती पाळलीय, वापरत नाही. आणि हिची गोळी? स्वस्त. दिवसभर मारा. शनिवारी हिंजवडीची पोरं येतात ना, आठवडाभर लॅपटॉपपुढे मान मोडलेली, तासभर मारतात आणि अशी हसत जातात, जसं काही माथेरानला जाऊन आली. त्यांना काय कुणाला मारायचंय? मजा आहे ती, निव्वळ मजा. आणि शिकणाऱ्याला तर हिच्याइतकी चांगली मास्तरीण नाही. धक्का नाही, धूर नाही, आवाज म्हणाल तर कुकरची शिटी मोठी. त्यामुळे गोळी भलतीकडे गेली तर बोट दाखवायला कुणी उरत नाही. तुम्हीच चुकलात. सरळ हिशोब आहे.

घ्या, चहा घ्या. साखर जास्त असेल, यांचा हात सैल आहे. — काय? मन लागत नाही म्हणता तिचं? अहो मन लागत नाही असं कसं म्हणता तुम्ही! तुमची पोरगी इथे सगळ्यांच्या आधी येते. कांद्याच्या गाड्यांनी चाकणचा रस्ता तुंबलेला असो, कंपन्यांच्या बसेस आडव्या लागलेल्या असोत, ती स्कूटी घालते कुठून तरी आणि हजर. मी रहाटणीहून पोहोचेपर्यंत हिने लेन झाडून ठेवलेली असते. गुरुवारी तर मी यायच्या आत — नाही, गुरुवारी नाही. गुरुवारी कशी येईल, गुरुवारी तिचा कॉम्प्युटरचा क्लास असतो. बुधवार म्हणायचं होतं मला. बुधवार.

असं बघू नका माझ्याकडे. बरं. येते गुरुवारी. झालं समाधान? क्लास बुडवून येते, दिवाळीपासून येते आणि त्यात माझा काही हात नाही — म्हणजे थोडा आहे. मी गेट उघडं ठेवते, एवढाच. मी तिला म्हटलं, अगं घरी सांग. तर म्हणते, मॅडम, पप्पा म्हणतील जास्त दिवस जाऊनही स्कोर पडतोय, मग तर बंदच करतील. आता तुम्हीच सांगा, जी पोरगी खोटं बोलून सिनेमाला न जाता या दगडखाणीत येऊन उभी राहते, तिचं मन कुठे आहे? इथे ना पंखा, ना सावली, तीन बाजूंनी फोडलेला डोंगर. हसलात! हसलात तुम्ही, मी पाहिलं. रागवा तिच्यावर, जरूर रागवा, पण घरी गेल्यावर, आणि थोडंच.

नाही, मग स्कोर का पडतोय हा प्रश्न बरोबर आहे. तो मलाही पडला होता. मी आधी डोळे तपासायला लावले तिला. मग मनगट बघितलं. मग वाटलं, प्रेमबिम असेल — अहो नाही, नाही, तसं काही नाही, बसा खाली! विचारलं मी स्पष्ट, या वयात विचारायला लागतं. काही नाही. मग पिस्तूलच बदलून दिलं, दुसरं, तिसरं. तेच. एअर पिस्तूल परत हातात दिलं तर ठीक मारते, कारण त्याला आवाजच नाही. बावीसची घेतली की गोळी खाली जाते. आणि मला कोडंच पडलं, कारण आवाजाला ती घाबरणारी नव्हतीच हो, पहिल्या दिवशी बावीसची मारली तेव्हा ही हसत होती, अजून द्या मॅडम, अजून द्या — त्या कुंकवाच्या दिवसापर्यंत तिला कशाची म्हणून भीती —

काही नाही. चहा गार होतोय तुमचा.

कुठलं कुंकू? कुंकू कुठे म्हटलं मी? ... म्हटलं. हो, म्हटलं. मेलं हे तोंड माझं! शब्द दिला होता मी तिला, मॅडम, पप्पांना नाही सांगायचं हं. आणि मी छातीठोकपणे म्हटलं होतं, सुमनताईच्या पोटात गेलं ते गेलं. बघा, कसं राहिलं पोटात! आता अर्धं सांगितल्यावर उरलेलं तुम्ही तिच्याकडून काढून घ्याल, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. पण मध्ये बोलायचं नाही.

खंडेनवमी. तुमच्याकडची पूजा. आता पूजा सगळेच करतात, यांच्या कंपनीत तर दोन मजली प्रेसला हार असायचा, मापाच्या कॅलिपरलासुद्धा हळदकुंकू. पण हे लावायचे ते बाहेरून, बोटाच्या टोकाने. मोटरच्या आत नाही ओतायचे! तुम्ही काय केलंत? चौरंगावर ठेवलेल्या पिस्तुलावर मूठभर वाहिलंत. वर ती खिडकी असते ना, जिथून रिकामी पुंगळी उडते, ती भरली गच्च. आणि मग अंगणात सगळी भावकी उभी करून म्हणालात, यंदाचा पहिला बार माझ्या लेकीच्या हातचा. मला माहीत आहे, ते तुम्ही मानानं दिलंत. चुलत्यांनी नाकं मुरडली, पोरीच्या हातात कशाला म्हणाले, आणि तुम्ही ऐकलं नाहीत. तिने मला हे सगळं सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता ना भाऊ — माझे पप्पा म्हणून. कायद्यात ते बसत नाही, तुमच्या परवान्यावर तिने बार काढणं, हे तर तुम्हाला मी लेखी देईन. पण मान होता. कळतं मला.

आणि बार निघाला. ते सगळं कुंकू उडालं ते तिच्या तोंडावर. तुम्ही दिवाळीत इथे येऊन हसत हसत सांगितलंत की मला, काय झालं ताई, लेक माझी लालेलाल, देवीच दिसत होती! मीही हसले. मला तरी कुठे कळलं होतं? तिचं काय झालं ते ऐका. कानठळ्या, हाताला हिसका, डोळ्यांपुढे लाल, आणि तोंडावरून हात फिरवला तर हात लाल. तिला वाटलं, फुटलं पिस्तूल. तोंडावर फुटलं. क्षणभरच, पण वाटलं. आणि डोळे उघडून बघते तर सगळे हसतायत.

झालं. तेव्हापासून चाप ओढायच्या आधी तिचे डोळे मिटतात. तिला नाही मिटायचे, ते आपोआप मिटतात. शरीर शिकतं हो, आपल्याला न विचारता शिकतं. मी म्हटलं, अगं मग सांग ना घरी. तर काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मॅडम, पप्पा गावभर सांगतात, पहिला बार माझ्या लेकीने काढला. त्यांना कसं सांगू, त्याच बाराने माझा नेम गेला?

मी घरी जाऊन रडले त्या दिवशी. हे कशाला सांगतेय मी तुम्हाला, कोण जाणे. माझा जीव आहे त्या पोरीवर. चांगली मारते म्हणून नाही, चांगल्या मारणाऱ्या खूप येतात. ही उगाच माझी बॅग उचलते, आणि यांच्याशी हातवारे करून गप्पा मारते, आमचे हे तिच्याशीच काय ते बोलतात.

काय? वाघाची पोर घाबरत नसते? झालं का सुरू! अहो वाघाचं काय घेऊन बसलात. बरं, उठा. उठा म्हणते ना. वाघ आहात ना, मग आमच्या टिकल्यांच्या पिस्तुलाने दाखवा मारून. पंचवीस मीटरवर कागद लावलेला आहेच. हसू नका, हा आमचा चष्मा घाला. कानावर हे — नीट, टोपी काढून. ऐकू येतंय का मी काय म्हणते? येत नाही. बरंय, पहिल्यांदाच मी बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही हो म्हणताय, आमच्या घरची सवय आहे मला. थांबा, भरते मी. तुम्ही तिकडे बघा. तिकडे, टार्गेटकडे! मी काय भरते ते बघायचं नाही.

हं. तोंड समोर. बोट चापाबाहेर. आता सावकाश.

छान! लागली की कागदाला. अजून एक. वा, ही तर काळ्यात गेली. बघा, काय हसू फुटलंय तोंडावर, आणि म्हणे चिमणी मरत नाही! मारा, मारा पुढे.

थांबा. तसेच थांबा. नळी समोरच ठेवा, बोट काढा. कानावरचं एक बाजूला करा. काय झालं? टक् झालं, हो ना? गोळी उडालीच नाही. कशी उडेल, ते खोटं काडतूस होतं, मीच भरलंय. काही खरी भरलीत, काही खोटी, मिसळून. पण मला हे सांगा — गोळी नव्हती, धक्का नव्हता, आवाज नव्हता, मग नळी खाली का गेली? विटीदांडूत दांडू मारतात तशी गेली. मी उगाच म्हणत नाही, तुम्हीही बघितलंत. पिस्तुलाचा दोष? बरं. पुन्हा मारा. मी बोलत नाही.

आता? आता तर डोळेही मिटले, भाऊ. मी बाजूलाच उभी आहे. घट्ट मिटले.

हे तुमच्या बत्तीसमध्ये कधी दिसणारच नाही. धूर असतो, दणका असतो, हात वर जातो, सगळे वा वा म्हणतात, त्यात डोळे मिटले काय आणि उघडे राहिले काय, कुणाला कळतंय! ही बारकी काही झाकत नाही. म्हणून तर मी हिला मास्तरीण म्हणते. आणि लाजायचं काय त्यात? शंभरातले नव्वद असेच आहेत, हवालदारसुद्धा. पण एक सांगू का, दिव्याचंही असंच होतं. हुबेहूब असंच, आधी खांदा उचलतो, मग मनगट, मग डोळे. तिचं खंडेनवमीपासून आहे. तुमचं कधीपासून?

अं? कानावरचं काढून बोला. ... वडिलांची? ठासणीची होती का? बारा बोअरची. बरं. डुकरं यायची भुईमुगात, हो, तेव्हा इथे भुईमूगच असेल सगळा, आता ती रंगाची कंपनी आहे तिथे. किती वर्षांचे होतात? अगंबाई. एवढ्याशा पोराच्या खांद्याला लावली ती? मग लागणारच. पडलात? मागे गव्हाणीत? आणि खांद्याचं हाड मोडलं? ... हाताचा पट्टा होता गळ्यात. वडील काय म्हणाले?

हसले.

सगळेच हसले असतील, भावकी जमलेली असेल. आणि तुम्ही? ... तुम्हीही हसलात. दुखत होतं तरी हसलात, नाही का, नाहीतर बाप म्हणाला असता, भित्रं आहे. त्यांनी मानानंच दिली असेल हो, थोरला म्हणून. मी कुठे काय म्हणतेय.

फक्त एक आठवून बघा, भाऊ. त्या दिवशी अंगणात, तोंड लाल झालेलं, सगळे हसत होते. दिव्या काय करत होती?

... हं.

नाही, मला नका सांगू. आणि मी तिला काही सांगणार नाही, माझ्या तोंडाचा भरवसा तुम्ही बघितलात आत्ता. नाव काढायचं की ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी रजिस्टर उघडणारही नाही. ती काय, समोर गाडीत आहे. 'मला राग आला नाही' असलं काही म्हणू नका तिला, 'तू वाघीण आहेस' हेही नको. एवढंच सांगा, की तुमचेही डोळे मिटतात. गव्हाणीचं सांगा. पट्ट्याचं सांगा. आणि यायचं असेल तर दोघंही या, दोन लेन रिकाम्याच आहेत. तोवर मी भरून ठेवते. किती खरी आणि किती खोटी, ते तुम्हा दोघांनाही कळणार नाही.

अहो, किल्ली काय काढताय! ते कमरेचं राहू दे लॉकरमध्ये, पळून जात नाही. चष्माही राहू दे डोळ्यांवर, कुणी बघत नाही इथे. आमचे हे? ते तिकडे तोंड करून बसलेत, खुर्चीचा पाय ठोकतायत, आज मुहूर्त लागलेला दिसतो. उभे काय राहिलात?

जा. काच खाली केलीय तिने.